डिस्क गोल्फचे मैदान: चकतीची वळणे आणि ओकखालची माती

कॅलिफोर्नियात पासाडेना शहराला लागून, सॅन गॅब्रिएल पर्वताच्या पायथ्याशी ओक वृक्षांची एक जुनी राई आहे. तिच्या शेजारी अवकाशयाने घडवणारी जेट प्रपल्शन लॅबोरेटरी आहे आणि पलीकडे अरोयो सेको या बहुतेक वर्षभर कोरड्या राहणाऱ्या ओढ्याचे रुंद पात्र आहे. १९७५ साली या राईतल्या ओक ग्रोव्ह उद्यानात डिस्क गोल्फचे जगातील पहिले कायमस्वरूपी सार्वजनिक मैदान उभे राहिले. खेळाचे नियम गोल्फसारखेच आहेत. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, प्लास्टिकची चकती फेकायची, ती पडेल तेथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये पोहोचवायची. असे नऊ किंवा अठरा टप्पे पूर्ण केले की डाव संपतो. आज जगभर अशी पंधरा हजारांहून अधिक मैदाने असून त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत आहेत. लोकसंख्येच्या मानाने पाहिल्यास मात्र आइसलँड आणि फिनलंड आघाडीवर आहेत.

एखाद्या नगरपालिकेपुढे असे मैदान करण्याचा प्रस्ताव आला की गुण एका बाजूला आणि दोष दुसऱ्या बाजूला मांडून बेरीज-वजाबाकी केली जाते. माझ्या मते ही पद्धत मुळातच दिशाभूल करणारी आहे, कारण या मैदानाचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष एकाच गोष्टीतून निघतात. ती गोष्ट अशी की हे मैदान जमिनीवर जवळजवळ काहीच बांधत नाही. जमीन आहे तशी वापरली जाते, आणि आहे तशी वापरलेली जमीन झिजते कशी, हे समजण्यासाठी आधी चकती उडते कशी हे पाहावे लागते.

फ्रिस्बीला खेळणे म्हणून बाजारात आणणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत ओक ग्रोव्हचे मैदान आखणारे एड हेड्रिक काम करत असत. चकतीच्या पाठीवर वर्तुळाकार उंचवटे देऊन तिचे उड्डाण अधिक स्थिर करण्याच्या रचनेचे पेटंट त्यांना १९६७ मध्ये मिळाले, तर साखळ्यांच्या बास्केटचे पेटंट १९७७ मध्ये मिळाले. ओक ग्रोव्हमध्ये सुरुवातीला लक्ष्य म्हणून नुसते खांबच रोवलेले होते आणि चकती खांबाला लागली की नाही यावर वाद होत. बास्केटच्या साखळ्यांनी तो वाद मिटवला. लोंबत्या साखळ्यांच्या असंख्य कड्या एकमेकींवर आपटताना चकतीची गतिज ऊर्जा ध्वनी आणि उष्णतेत विखुरते, त्यामुळे चकती मागे उसळत नाही आणि खालच्या जाळीत पडते. २००२ मध्ये हेड्रिक यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थींची राख मिसळून काही चकत्या तयार करण्यात आल्या. खेळावरचे इतके प्रेम दुर्मीळच म्हणावे लागेल.

समुद्रकिनारी खेळतात ती जाड काठाची फ्रिस्बी आणि डिस्क गोल्फची चकती यांत फरक आहे. १९८३ मध्ये इनोव्हा कंपनीने ‘ईगल’ ही निमुळत्या काठाची चकती आणली आणि खेळाचे स्वरूप बदलले. निमुळत्या काठामुळे हवेचा रोध कमी होतो आणि चकती अधिक वेगाने अधिक दूर जाते. नियमानुसार चकतीचा व्यास किमान २१ सेंटिमीटर हवा आणि वजन व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, म्हणून २१.२ सेंटिमीटरच्या चकतीचे कमाल वजन सुमारे १७६ ग्रॅम भरते. अशी चकती अव्वल खेळाडू ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने फेकतात. २०१४ मध्ये सायमन लिझॉट यांच्या फेकीचा वेग ताशी १४४ किलोमीटर मोजला गेला, तर २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स ज्युनियर यांनी नेवाडाच्या वाळवंटात, वाऱ्याची साथ घेऊन, ३३८ मीटर अंतर गाठले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते चकतीचे वळणे. हवेमुळे चकतीवर येणारे उचल-बल तिच्या केंद्रातून जात नाही. वेग जास्त असताना या बलाचा परिणाम पुढचा काठ खाली दाबण्याकडे असतो, तर वेग मंदावून चकती हवेशी मोठा कोन करू लागली की पुढचा काठ वर उचलला जाऊ लागतो. चकती फिरत नसती तर ती सरळ कोलमडली असती. पण स्वतःभोवती वेगाने फिरणाऱ्या वस्तूवर असे बल आले की ती बलाच्या दिशेने न कलता त्याच्याशी काटकोनात कलते. पृथ्वीच्या अक्षाची परांचन गती, म्हणजे भोवऱ्यासारखे त्याचे संथ डोलणे, याच नियमाने होते. उजव्या हाताच्या खेळाडूने नेहमीच्या पद्धतीने, हात छातीसमोरून आडवा नेत फेकलेली चकती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. म्हणून पुढचा काठ दबतो तेव्हा ती उजवीकडे झुकते आणि पुढचा काठ उचलला जातो तेव्हा डावीकडे. परिणामी उड्डाणाच्या शेवटी, वेग संपत आला की, ती जवळजवळ नेहमीच डावीकडे वळून उतरते. डावखुऱ्यांची चकती उलट बाजूला जाते, पण डावखुरे दहांत एखाद-दुसरेच असतात. हे वळण ज्याच्या अंगवळणी पडले आहे तो झाडाला वळसा घालून चकती नेतो आणि खेळाची सारी गोडी त्यातच आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की शेकडो माणसांची पावले फेअरवेच्या, म्हणजे टी ते बास्केट या पट्ट्याच्या, दोन्ही बाजूंना सारखी पसरत नाहीत, बास्केटच्या अलीकडे डाव्या अंगाला ती दाट होत जाणार. जमीन कोठे झिजेल हे यामुळे काही अंशी आधीच सांगता येते.

आता गुणांकडे पाहू. साध्या गोल्फच्या अठरा टप्प्यांच्या मैदानाला शंभराहून अधिक एकर जमीन, तिचे सपाटीकरण, गवताची सतत कापणी आणि दक्षिण कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या प्रदेशात भरपूर पाणी लागते. डिस्क गोल्फचे साधारण मैदान वीस-तीस एकरांत बसते आणि झाडे, उतार व खडक हे त्याचे अडथळे नसून त्याची सामग्रीच असते. पाणी द्यावे लागत नाही, खते व कीटकनाशके लागत नाहीत. म्हणून ज्या जमिनीचे दुसरे काही करता येत नाही तेथेही ते बसते: पूररेषेतील पट्टे, बंद झालेल्या कचराभूमी, उन्हाळ्यात रिकामे पडलेले स्कीचे उतार. ओक ग्रोव्हचा परिसर १९२० मध्ये पूरनियंत्रणासाठी बांधलेल्या डेव्हिल्स गेट धरणाच्या वरच्या अंगाला आहे. २००९ मध्ये वरच्या डोंगरांत स्टेशन फायर नावाचा मोठा वणवा लागला आणि नंतरच्या पावसांत धरणाच्या जलाशयात प्रचंड गाळ वाहून आला. अशा जागी इमारती उभ्या करणे शहाणपणाचे नसते, पण खांबावरचे बास्केट उभे करायला हरकत नसते.

बहुतेक मैदानांत प्रवेश विनामूल्य असतो आणि सुरुवात एका चकतीने होते. अठरा टप्प्यांच्या डावात माणूस उंच-सखल जमिनीवरून काही किलोमीटर चालतो, वाकतो, वळतो आणि त्याला व्यायाम केल्याची जाणीवही होत नाही. कोपर, खांदा आणि पाठीची दुखणी होतात हे खरे, तरीही सर्व वयांच्या माणसांना एकत्र चालायला लावणारे इतके स्वस्त साधन नगरपालिकांकडे दुसरे क्वचितच असेल.

दोषांची सुरुवात मातीपासून होते. निरोगी वनमातीच्या आकारमानाचा सुमारे निम्मा भाग पोकळ्यांचा असतो. मोठ्या पोकळ्यांतून हवा खेळते आणि पावसाचे पाणी झिरपते, तर लहान पोकळ्यांत ओल टिकते. पावलांच्या दाबाने आधी मोठ्या पोकळ्या मोडतात. चिकणमातीची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.५ ग्रॅमपुढे आणि वाळूमिश्रित मातीची सुमारे १.८ ग्रॅमपुढे गेली की मुळांना आत शिरणे कठीण होते, पाणी झिरपण्याऐवजी वरून वाहू लागते आणि उतारावर ओघळी पडतात. माती पूर्ण कोरडी असताना किंवा पाण्याने पूर्ण भरलेली असताना तितकी दबत नाही, मध्यम ओलीत ती सर्वाधिक दबते. पासाडेनाचा बहुतेक पाऊस नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतो आणि तेथील सौम्य हिवाळ्यात खेळ काही थांबत नाही, म्हणजे माती सर्वांत नाजूक असते तेव्हाच ती तुडवली जाते. थंड देशांत गोठण्या-वितळण्याच्या चक्राने दबलेली माती थोडीफार सैल होते. ती सवलत दक्षिण कॅलिफोर्नियाच्या सखल भागाला नाही.

येथे ओक वृक्षांचा प्रश्न येतो. या राईतला किनारी ओक हा सदाहरित वृक्ष आहे आणि पाणी शोषणारी त्याची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. जुना वृक्ष दबलेल्या मातीतही अनेक वर्षे तग धरतो, म्हणून मैदान वरून पाहणाऱ्याला हिरवेगार दिसते. जे दिसत नाही ते म्हणजे नवी रोपे. पडलेले फळ पालापाचोळ्याच्या मऊ थरात रुजते, परंतु टी आणि बास्केट यांच्या आसपास तो थर उरलेला नसतो आणि जे रोप येते ते पायाखाली मोडते. एखादी राई मरते ती आधी अशी, वरती सावली शाबूत असताना. खोडांवर चकत्या आदळण्याचे नुकसान मात्र अधिक ठळकपणे डोळ्यांत भरते. ओकच्या जाड सालीला ते बरेच सोसते, पण पातळ सालीच्या किंवा कोवळ्या झाडांत सालीखालचा वाढीचा थर फाटतो. झाड जखम भरून काढत नाही, ते तिच्याभोवती नव्या पेशींची भिंत घालते आणि प्रत्येक भिंतीला अन्न खर्च होते.

पायवाटेवरचा माणूस वाटेवरून चालतो, चकती शोधणारा माणूस मात्र कोठेही शिरतो. ८० मीटरच्या फेकीत दिशेची चूक दोन्ही बाजूंना दहा अंशांची धरली, तर चकती मध्यरेषेपासून सुमारे १४ मीटर दूर जाते आणि टीपासून बास्केटपर्यंत पसरलेल्या त्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ साधारण ११०० चौरस मीटर होते. अठरा टप्प्यांचे मिळून दोन हेक्टर, म्हणजे पाच एकर. हा ढोबळ हिशेब आहे आणि नवख्यांची चूक दहा अंशांवर थांबत नाही. शिवाय मनोरंजनासाठी वापरल्या जाणाऱ्या जमिनींच्या अभ्यासांतून वारंवार दिसलेली गोष्ट अशी की नुकसान वर्दळीच्या प्रमाणात सारखे वाढत नाही. पहिल्या थोड्याशा वर्दळीतच वनस्पतींचे बरेचसे नुकसान होऊन जाते आणि पुढची वर्दळ त्यात तुलनेने कमी भर घालते. म्हणून विखुरलेली थोडी पावले एकवटलेल्या पुष्कळ पावलांपेक्षा महाग पडतात.

सुरक्षिततेचा प्रश्न थोडक्यात सांगता येईल. १७५ ग्रॅमची चकती ताशी ९० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात सुमारे ५५ ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे त्याच वेगाच्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित अधिक, आणि ती अरुंद काठातून लागते. चेंडू कोठे येणार याचा अंदाज पाहणाऱ्याला बांधता येतो. वळत, जवळजवळ निःशब्द येणाऱ्या चकतीचा अंदाज अनभिज्ञ माणसाला येत नाही. ज्या उद्यानात फिरायला येणारे आणि घोडेस्वार त्याच वाटा वापरतात, तेथे ‘फोर!’ अशी सावध करणारी आरोळी पुरेशी मानणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. वाट आणि फेअरवे एकमेकांना छेदणारच नाहीत अशी आखणी हाच खरा उपाय आहे, आणि वाट फेअरवेच्या उजव्या अंगाला ठेवली तर चकतीच्या स्वभावाचीही मदत होते. पाण्याजवळची मैदाने आणखी एक त्रास ओढवून घेतात: बहुतेक चकत्या पाण्यात बुडतात आणि तळाशी जाऊन बसलेले ते प्लास्टिक तेथेच झिजत राहते.

उपाय म्हणून बास्केटच्या जागा वरचेवर बदलण्याची पद्धत लोकप्रिय आहे. सॅन डिएगोच्या बॅल्बोआ पार्कमधील मोर्ली फील्ड या शुल्क आकारणाऱ्या मैदानात ती वर्षानुवर्षे पाळली जाते. त्यामुळे खेळात नावीन्य राहते आणि गवताला थोडी उसंत मिळते. परंतु दबलेली माती पूर्ववत व्हायला आठवडे नव्हे, तर अनेक वर्षे लागतात, त्यामुळे विसावा इतका तोकडा असेल तर जागा बदलणे म्हणजे एका ठिकाणचे नुकसान तीन ठिकाणी वाटून देणेच ठरते. त्यापेक्षा एक जागा पक्की करावी, तेथे लाकडाच्या तुकड्यांचा जाड थर वरचेवर घालावा, टीवर काँक्रीटची फरशी टाकावी आणि उरलेली जमीन कटाक्षाने अस्पर्श ठेवावी, हे मला अधिक सयुक्तिक वाटते. एखादे झाड ठराविक बाजूनेच ओलांडण्याची सक्ती खेळाच्या नियमांत आहेच. ती कसब तपासण्यासाठी वापरली जाते, तशीच ती रोपांच्या पट्ट्यापासून चकत्या दूर ठेवण्यासाठीही वापरता येईल. ओकखाली काही भागांना साधे लाकडी कुंपण घालून तेथे पडलेली चकती बाद ठरवली आणि ती काढण्यासाठी केवळ एकच फाटक ठेवले, तर शोधणाऱ्यांची पावले एका रेषेत येतात. या सर्वांना पैसा आणि मनुष्यबळ लागते. विनामूल्य मैदानात ते बहुधा स्वयंसेवकांकडून येते, म्हणून मैदान मंजूर करतानाच लाकडाच्या तुकड्यांचा वार्षिक खर्च, कुंपणांची देखभाल आणि रोपांची दर वर्षी मोजणी कोण करणार, हे करारात लिहून घेतलेले बरे.