चांदणीचा कंदील आणि नाताळचा तारा

तुळशीचं लग्न झालं की दुकानांतले उरलेले आकाशकंदील माळ्यावर जातात आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यातले पाच टोकांचे तेवढे पुन्हा खाली उतरतात. नोव्हेंबरात त्यांना ‘चांदणी कंदील’ म्हणत होते, आता ‘ख्रिसमस स्टार’ म्हणतात. घडीचा पुठ्ठा तोच, भोकांची नक्षी तीच. मग लोक विचारतात, की या दोन्हींत फरक तरी काय?

फरक आहे आणि तो हातानं करायला बसल्यावर पहिल्या तासाभरातच कळतो. मी दोन्ही करते. गिरगावात वाढल्यामुळे दोन्ही बघतच मोठी झाले. आमच्या घरापासून चार पावलांवर खोताची वाडी, जुनी ख्रिस्ती वस्ती. तिथे दिवाळीत कंदील लागायचे आणि ते उतरेपर्यंत पुढच्या ओट्यावर ताऱ्यासाठी कामट्या तासणं सुरू झालेलं असायचं. इतकी वर्षं करून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे: कंदील हा दिवा आहे आणि तारा ही खूण आहे. कागद कुठला घ्यायचा, सांगाडा कसा बांधायचा, कुठे टांगायचा, कधी उतरवायचा, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

कंदिलाचं मूळ आकाशदिव्यात आहे. कार्तिक महिन्यात देवासाठी आणि पितरांसाठी उंच खांबावर दिवा लावायची पद्धत जुनी. वाऱ्यानं तो विझू नये म्हणून भोवती आडोसा आला, आडोशाला कागद आला, कागदाला रंग आला. म्हणजे आधी ज्योत, मग तिचं घर. वसुबारसेला किंवा धनत्रयोदशीला तो चढतो आणि बऱ्याच घरांत त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहतो.

ताऱ्याची गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानातली, दुसऱ्या अध्यायातली. पूर्वेकडचे ज्ञानी लोक आकाशात एक तारा बघतात, त्याच्या मागोमाग निघतात आणि तो तारा बाळ जिथे आहे त्या जागेवर येऊन थांबतो. त्यामुळे ताऱ्याचं काम उजेड पाडण्याचं नाही, ‘इथे या’ असं सांगण्याचं आहे. म्हणून तो घराच्या दर्शनी भागावर लागतो, नाहीतर नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या वर. नाताळच्या आधीच्या चार रविवारांपासून आगमनकाळ सुरू होतो, त्या सुमाराला तारे दिसायला लागतात आणि ६ जानेवारीला, तीन राजांच्या, म्हणजे त्याच ज्ञानी लोकांच्या, सणापर्यंत राहतात. गोव्यात रेईश मागुश, चांदर आणि कांसावलीला त्या दिवशी तीन मुलं राजांचा पोशाख आणि मुकुट घालून घोड्यावर बसतात. पंचवीस तारीख उलटली म्हणून लगेच तारा उतरवणं मला म्हणूनच पटत नाही. ज्यांना वाट दाखवायची ते अजून पोचायचे असतात!

शब्दांची गंमत अशी, की ‘कंदील’ आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि त्याची मुळं लॅटिनमधल्या मेणबत्तीच्या शब्दापर्यंत जातात. उलट गोव्यातला ख्रिस्ती माणूस आपल्या ताऱ्याला ‘नखेत्र’ म्हणतो, म्हणजे नक्षत्र.

आता सांगाड्याकडे येऊ, कारण मला खरं बोलायचंय ते याच्याबद्दल.

साधा पारंपरिक कंदील सहा चौकोनांचा. २० सेंटिमीटरच्या २४ कामट्या घ्या, चार-चार बांधून सहा चौकोन करा. त्यातले चार कोपऱ्यावर उभे करा, पतंगासारखे, आणि त्यांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधून गोल रिंगण करा. मग पाचवा चौकोन वरच्या चार टोकांवर आडवा बांधा आणि सहावा खालच्या चार टोकांना. बारा सांधे होतात. चौकोनांच्या मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, त्यासाठी वेगळी कामटी लागत नाही. उंची भरते साधारण २८ सेंटिमीटर.

हा सांगाडा हातात घेतलात की तो डुगडुगतो. दाबला तर पिळवटून बसतो. पहिल्यांदा करणारी मुलं इथे हिरमुसतात आणि दोरा आणखी घट्ट आवळत बसतात. दोऱ्याचा दोष नसतो. चार काड्यांचा चौकोन कितीही घट्ट बांधला तरी तिरका होतोच, त्रिकोणाचं तसं होत नाही. कंदिलाला ताठपणा येतो तो कागदानं. म्हणून आधी चौकोनांवर कागद लावायचा. तो लावताना चौकोन खरंच काटकोनात आहे ना, हे वहीचा कोपरा धरून तपासायचं. बाजूचे चार चौकोन वाळले की आख्खा कंदील दगडासारखा उभा राहतो. त्रिकोण नंतर, सावकाशीनं.

ताऱ्याचं बरोबर उलटं. ६० सेंटिमीटरच्या पाच कामट्या घ्या आणि प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर खूण करा. मधे १४ सेंटिमीटर उरतात. टोकाला टोक बांधत पाचही कामट्यांची चांदणी करा. कामट्या एकमेकींना बरोबर त्या खुणांवर ओलांडतात. नाही ओलांडल्या तर कुठेतरी टोक सरकलंय असं समजा आणि दोरा बांधायच्या आधी नीट करा. एकीवरून, दुसरीखालून अशी वीण घालत गेलात तर आणखी चांगलं. खुणांवर दोरा आवळलात की ही चौकट कागदाशिवायच ताठ असते, कारण तिच्यात पाच त्रिकोण आहेत.

अशा दोन चांदण्या करायच्या. एकीवर दुसरी ठेवून पाच टोकं बांधायची, आणि आतल्या पाच कोपऱ्यांमधे दोन चौकटींच्या मधे १० सेंटिमीटरचे पाच तुकडे उभे अडकवायचे. हा क्षण मला फार आवडतो. सपाट पडलेली चांदणी एकेका तुकड्यासरशी फुगत जाते, कामट्या धनुष्यासारख्या वाकतात, आणि पाचवा तुकडा बसला की सगळा तारा ताणलेल्या तारेसारखा वाजतो. कामटी वाळकी असेल तर इथेच तुटते. म्हणून ताऱ्यासाठी बांबू थोडा ओलसर हवा. कंदिलाला कोरडा चालतो. पुण्यात बुरूड आळीत जाऊन ‘वाकवायच्या आहेत’ असं सांगितलं की तशा कामट्या काढून देतात. अगदी छोटा तारा करायचा असेल तर खराट्याचे हीर पुरतात.

थोडक्यात, कंदील कागदावर उभा राहतो आणि तारा हाडांवर. पावसात दोन्ही बाहेर राहिले, तर सकाळी कंदील खचलेला दिसतो आणि ताऱ्याचा नुसता सांगाडा ऐटीत लटकत असतो. दिवाळीत परतीचा पाऊस कोकणपट्टीला अधूनमधून गाठतो, त्यामुळे ही भीती कंदिलाच्याच वाट्याला जास्त येते.

कागदाचं म्हणाल तर कंदिलाला पतंगी कागदच. घोटीव कागद उजेड अडवतो, जिलेटिनचा कागद बल्ब उघडा दाखवतो. दिवा दिसता कामा नये, उजेड दिसला पाहिजे, आणि तो सगळीकडून. कंदिलाला पुढची बाजू नसते. तो वाऱ्यावर फिरतो, शेपट्या हलतात, खाली ओट्यावर रंगीत कवडसे पडतात, ओट्यावर बसलेल्यांच्या चेहऱ्यावर पडतात. उजेड असा खाली, घरातल्यांवर सांडतो. ताऱ्याला मात्र तोंड असतं. तो लांबून, रस्त्यावरून बघायचा असतो, त्यामुळे त्याचा आकार काळोखात रेखीव उठला पाहिजे. त्यासाठी जाड कार्डशीट घेऊन भोकं पाडली तरी चालतात, टोकांना एक रंग आणि मधल्या पंचकोनाला दुसरा असा ठसठशीत विरोध चालतो, जिलेटिनही शोभतं. फक्त जिलेटिन खळीनं चिकटत नाही, त्याला फेविकॉल किंवा चिकटपट्टीच हवी.

खळ मैद्याची, पातळ शिजवलेली. झुरळं खाऊ नयेत म्हणून पूर्वी तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकत. ते विषारी आहे, मुलं हात घालणार असतील तर नका टाकू. आणि एक युक्ती दोन्हींना लागू: कागद चिकटून वाळला की त्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा. ओला कागद आधी लोंबतो, काळजाचा ठोका चुकतो, पण वाळताना आखडून ढोलकीच्या पानासारखा ताठ होतो. रंग जातो का, हे आधी तुकड्यावर बघून घ्या. लाल हमखास जातो.

बल्ब एलईडीचा, कमी वॅटचा. कंदिलाचा वरचा चौकोन उघडा ठेवायचा. पणतीच्या काळात धूर आणि उष्णता तिथूनच जायची, आता वायर जाते. ताऱ्याला असा उघडा भाग नसतो, म्हणून पाठीमागच्या पंचकोनाच्या कागदाला चीर देऊन दिवा आत सोडतात. पाठीमागे, कारण ती बाजू कुणी बघत नाही.

इथवर वाचून तुम्ही एक सोपी खूणगाठ बांधाल: शेपट्या असल्या की कंदील, टोकं असली की तारा. ती बांधू नका. फिलिपीन्समध्ये नाताळला जो ‘पारोल’ लावतात तो बांबू आणि पातळ कागदाचा, पाच टोकांचा, आणि त्याला खाली दोन झुबकेदार शेपट्या असतात. त्याचं नावच मुळी कंदिलाचं आहे, स्पॅनिशमधल्या ‘फारोल’वरून आलेलं. १६ ते २४ डिसेंबर तिथे रोज पहाटेच्या अंधारात मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, असते, तिच्याशी हा पारोल जोडलेला आहे. माझ्या वाटणीत तो बरोबर मधे बसतो: रूप ताऱ्याचं, काम दिव्याचं. आपल्याकडे काही ताऱ्यांना एकच लांब शेपूट असतं, ती गोष्ट निराळी. ते धूमकेतूचं. १३०१ साली हॅलेचा धूमकेतू दिसला आणि त्यानंतर काही वर्षांत इटलीत जोत्तो या चित्रकारानं पादुआच्या चॅपेलमध्ये बेथलेहेमचा तारा शेपटीसकट रंगवला.

आणि तारा म्हणजे पाचच टोकं, असंही नाही. जर्मनीत, सॅक्सनीतल्या हेर्नहूट गावात मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा कागदी तारा होतो. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या नीस्की इथल्या शाळेत भूमितीच्या तासाला तो पहिल्यांदा करवून घेतला गेला. त्याला २५ टोकं: १७ चौकोनी बुडाची, ८ त्रिकोणी बुडाची. सव्विसावी जागा टांगण्यासाठी मोकळी. आता ही टोकं मनातल्या मनात काढून टाका. आत काय उरतं? १८ चौकोन आणि ८ त्रिकोणांचा एक गोळा. मधोमध आठ चौकोनांचा पट्टा, वर-खाली तिरके चौकोन आणि त्रिकोण असा अष्टपैलू कंदील तुम्ही पाहिला असेल, त्याचाच हा आकार! कुणी कुणाचा घेतला असं मुळीच नाही. काड्या आणि कागदातून गोल काहीतरी करायला बसलं की भूमिती माणसाला त्याच दोन-तीन आकारांपाशी नेऊन सोडते. मला हे कळलं तेव्हा मी हातातला कंदील ठेवून कितीतरी वेळ नुसती त्याच्याकडे बघत बसले होते.

मग दुकानातल्या त्या पाच टोकांच्या चांदणीचं काय? ती दिवाळीला लावावी का, नाताळला? दोन्हीला लावा, माझी काहीच हरकत नाही. गोव्यात कितीतरी गावांत एकाच वाड्यावर, म्हणजे वस्तीत, दोन्ही लागतात आणि मुलं एकमेकांच्या घरी जाऊन मदत करतात. पण लावताना तिला त्या-त्या सणाची करून लावा. दिवाळीत तिच्या खालच्या दोन टोकांना झिरमिळ्या बांधा, आत पिवळा, मऊ उजेड ठेवा, ओट्याच्या मधोमध एका दोरीवर मोकळी फिरू द्या. डिसेंबरात झिरमिळ्या काढून टाका, पांढरा बल्ब लावा, आणि दोन दोऱ्यांनी बांधा, म्हणजे ती फिरणार नाही. एक टोक सरळ वर.

हे दोन दोऱ्यांचं मला शिकवलं ते खोताच्या वाडीतल्या एका आंटींनी. पहिल्या वर्षी मी केलेला तारा मी कौतुकानं त्यांच्या गॅलरीत मधोमध, कंदिलासारखाच एका दोरीवर टांगला होता. त्यांनी तो काही न बोलता उतरवला, मला हाताला धरून खाली वाडीच्या तोंडाशी नेलं आणि म्हणाल्या, “इथनं बघ. माणूस इथनं येतो. आता सांग, कुठं बांधूया?” आम्ही वर गेलो आणि कठड्याच्या डाव्या कोपऱ्यात, जिथून वळणावरचा माणूस दिसत होता तिथे, तारा त्याच्याकडे तोंड करून बांधला.