भातावरील करपा आणि रोपातील लघु आरएनए

शेतकरी बंधू-भगिनींनो,

नवापूर, अक्कलकुवा, धडगाव आणि साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातील आमचे भात उत्पादक ग्राहक पावसाळ्यात करप्याची पाने घेऊन केंद्रात येतात. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी व कडेला तपकिरी असा ठिपका दिसला की रोग ओळखू येतो. अलीकडे काही जण ‘आरएनएच्या औषधा’चीही चौकशी करतात, म्हणून ही माहिती देत आहोत.

करपा ‘मॅग्नापोर्थे ओरायझी’ या बुरशीमुळे होतो. तिचा बीजाणू ओल्या पानावर रुजून एक सूक्ष्म घुमट तयार करतो, त्या घुमटात हवेच्या दाबाच्या सुमारे ८० पट दाब साठतो आणि त्या जोरावर बुरशी पानात शिरते. घुमटाच्या भिंतीत मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य नसेल तर हा दाब टिकत नाही. ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक मेलॅनिन तयार होणेच रोखते. म्हणून ते वेळेवर फवारावे लागते, पडलेले ठिपके त्याने भरून येत नाहीत.

बुरशी आत शिरू लागली की रोपही स्वस्थ बसत नाही. जनुकातील माहिती संदेशवाहक आरएनए पुढे नेतो आणि त्यावरून प्रथिने बनतात. लघु आरएनए म्हणजे साधारण २० ते २४ घटकांचे छोटे तुकडे असून, ‘आर्गोनॉट’ नावाचे प्रथिन असा तुकडा धरून त्याच्याशी जुळणारा संदेश शोधते व तो तोडते किंवा त्यावरून प्रथिन बनू देत नाही. भातातील ‘एमआयआर-३९८बी’ हा लघु आरएनए वाढवलेल्या रोपांत बुरशी शिरते त्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड अधिक साठते आणि बुरशीची वाढ खुंटते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. मात्र सर्वच लघु आरएनए रोपाच्या बाजूचे नसतात: ‘एमआयआर-१६९’ वाढला तर भात करप्याला अधिक बळी पडतो.

आपल्या खानदेशाच्या कापसाचे उदाहरण तर विलक्षण आहे. कापसाचे झाड आपले लघु आरएनए व्हर्टिसिलियम या मर रोगाच्या बुरशीत पोहोचवते आणि तिची रोगकारक जनुके बंद पाडते, हे २०१६ मध्ये सिद्ध झाले. याच तत्त्वावर दुपदरी आरएनए फवारून बुरशी रोखण्याचे प्रयोग बार्लीसारख्या पिकांवर यशस्वी झाले आहेत. पण उघड्या शेतात ऊन-पावसाने तो लवकर नष्ट होतो. भाताच्या करप्यासाठी असे कोणतेही औषध आम्ही विकत नाही, आणि त्या नावाने कोणी पुडी किंवा बाटली देऊ केल्यास कृपया पैसे देऊ नयेत.

रोपाची ही शक्ती टिकवणे मात्र पुष्कळसे आपल्या हातात आहे. युरियाची पूर्ण मात्रा एकदम टाकल्यास पाने लुसलुशीत होऊन करपा झपाट्याने वाढतो, म्हणून ती विभागूनच द्यावी. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळल्यास सिलिकॉन मिळते व पानाची साल कणखर होते. प्रतिकारक्षम वाण आणि बीजप्रक्रिया यांना पर्याय नाही. ढगाळ हवा, रिमझिम पाऊस आणि पानांवर बराच वेळ दव असे दिवस लागोपाठ आले तर रोज बांधावरून पाहणी करावी आणि पहिला ठिपका दिसताच ते पान व वाणाचे नाव घेऊन केंद्रात यावे. तपासणीचे पैसे घेतले जात नाहीत.