न्वोयेचा आयझॅक कसा झाला

कादंबरीकार चिनुआ अचेबे यांचं बाप्तिस्म्याचं नाव आल्बर्ट. आल्बर्ट म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा नवरा. नायजेरियातल्या ओगिडी गावात १९३० साली जन्मलेल्या इग्बो (तिथला एक मोठा समाज) पोराला हे नाव मिळालं. पुढे इबादानला शिकताना त्यांनी ते टाकून दिलं. त्यांच्या कादंबऱ्यांमधली भांडणं नेमकी इथेच, नावात आणि घरात, चाललेली असतात.

इग्बो मुलखात ख्रिस्ती मिशन आलं १८५७ मध्ये, नायजर नदीकाठी ओनित्शाला. इंग्रज फौजेची मोठी मोहीम १९०१-०२ ची, म्हणजे बरीच नंतरची. तिथल्या बहुतेक गावांना राजाच नव्हता, जाणती माणसं एकत्र बसून निवाडा करत. इंग्रजांना मात्र हुकूम सोडायला एक माणूस हवा होता, म्हणून त्यांनी सनदा देऊन मुखिया नेमले. १९२९ मध्ये या मुखियांविरुद्ध आणि कराच्या भीतीने बायका उठल्या. गोळीबारात पन्नासहून जास्त जणी मेल्या.

अचेबे यांचे वडील पोरके. आजोळच्या ज्या वडीलधाऱ्यांनी त्यांना वाढवलं, त्यांनी मिशनऱ्यांना आधी आपल्या वाड्यात जागा दिली आणि मग हाकलून लावलं. का, तर ही रडकी गाणी ऐकून शेजाऱ्यांना वाटेल, माझीच मयत झाली! त्यांच्याच हाताखालचा हा मुलगा पुढे धर्मशिक्षक झाला. त्यामुळे अचेबे यांच्या घरी बायबल आणि चुलत्याकडे देवांना नैवेद्य. लहानगा आल्बर्ट दोन्हीकडे जेवला.

अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या कादंबरीतला न्वोये समजतो तो या पार्श्वभूमीवर. बाप ओकोंक्वो जबर माणूस. घरात भावासारखा वाढलेला इकेमेफुना गावाच्या देवाज्ञेवरून मारला जातो आणि त्याच्यावर ओकोंक्वो स्वतः कोयता चालवतो. जुळी मुलं रानात टाकायची रीत असते. त्यांचं रडणं न्वोयेच्या कानात राहिलेलं असतं. मिशनऱ्यांचा त्रैक्याचा सिद्धान्त, म्हणजे एकाच देवाची तीन रूपं, त्याला कळत नाही. त्याला ओढतं ते अंधारातल्या भावंडांबद्दलचं एक गीत. मला अचेबे मोठे वाटतात ते यासाठी: भेग आधी घरातच होती हे ते लपवत नाहीत, आणि म्हणून इंग्रजांचा अन्याय तसूभरही हलका करत नाहीत. न्वोये ख्रिस्ती होतो, त्याचा आयझॅक होतो. ओकोंक्वो गळफास घेतो आणि त्याचं अख्खं आयुष्य गोऱ्या कमिशनरला आपल्या पुस्तकातल्या एका परिच्छेदापुरतं वाटतं.

त्या चर्चने ओसूंनाही आत घेतलं होतं. ओसू म्हणजे देवाला वाहिलेले, वाळीत टाकलेले लोक. त्यांना केस कापायचीही बंदी असे. मराठी वाचकाला याहून जास्त सांगायला नको.

‘नो लाँगर अ‍ॅट ईज’ (१९६०) या पुढच्या कादंबरीत आयझॅक म्हातारा झालेला आहे. विलायतेत शिकून आलेला त्याचा मुलगा ओबी क्लाराशी लग्न करायचं म्हणतो. ती ओसू. ओबी बायबलमधलंच वचन वडिलांपुढे ठेवतो: ख्रिस्तात कुणी दास नाही, कुणी स्वतंत्र नाही. बापाचं घर सोडून चर्चमध्ये गेलेला हा माणूस मुलाला एवढंच सांगतो, की तुझं म्हणणं कळतं, पण ही गोष्ट तुला वाटते त्याहून खोल आहे.