चायनीज सिक्स

चायनीज सिक्स : पुढे वळणारे दोन एक्सल आणि मागे इंजिनाच्या जोरावर फिरणारा एकच एक्सल, अशा रचनेचा जुना ब्रिटिश ट्रक. नेहमीच्या सहाचाकीत एक्सलांची जोडी मागे असते, इथे ती पुढे. उलटे दिसेल त्याला ‘चायनीज’ म्हणण्याची खोड त्या काळच्या इंग्रजी बोलीत होती, त्यातून हे नाव पडले. ते फारसे शोभत नाही, पण ड्रायव्हरांच्या तोंडी तेच राहिले. कारखानदार ‘ट्विन-स्टीअर’ म्हणत. बीव्हर, हिप्पो, ऑक्टोपस अशी प्राण्यांची नावे देणाऱ्या लेलँडने याला ‘स्टीअर’ म्हटले. इंग्रजीत त्याचा अर्थ गाडी वळवणे, तसाच खच्ची केलेला बैलही.

मराठी वाचकाने चाके मोजताना सावध राहावे. आपण टायर मोजतो, इंग्रज मागची जोडचाके एकच धरतात. आपल्या हिशेबाने ही गाडी आठ टायरी.

तिच्या प्रसाराला कारण झाला वजनाचा कायदा. 1955 मध्ये दोन एक्सलांच्या ट्रकला मालासकट 14 टनांची, तर चार एक्सलांच्या आठचाकीला 24 टनांची मुभा मिळाली. ज्याला 14 टन अपुरे आणि आठचाकी महाग, त्याची सोय सहाचाकीत होई. पण मग जादा एक्सल पुढेच का? माल मागून उतरवत गेले की उरलेले ओझे केबिनकडे राहते आणि पुढचा एकटा एक्सल मर्यादेबाहेर दबतो. गावोगाव थोडा थोडा माल टाकत जाणाऱ्याला पुढची जोडी सोयीची पडे. शिवाय पुढचा एखादा टायर फुटला तरी गाडी हातची जात नसे.

दुसरा एक्सल पहिल्याइतका वळून चालत नाही. वळणाच्या केंद्राशी त्याचा कोन कमी लागतो, म्हणून दोन्हींना जोडणाऱ्या दांड्याची लांबी आणि चाके वळवणारे आर्म (छोटे दांडे) नेमके जुळवावे लागतात. जुळणी जरा बिघडली की गाडी टायर खाते, आणि मालकाची पहिली तक्रार तीच असे. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीत लादलेली चार चाके जागेवर वळवणे म्हणजे खांद्यांची परीक्षाच.

ईआरएफ आणि फोडेन हे ट्रक बनवणारे दोघेही इंग्लंडच्या चेशरमधल्या सँडबॅच गावचे. प्रेस्टनजवळच्या ॲटकिन्सनप्रमाणे त्यांच्याही गाड्यांत बहुधा गार्डनरचे डिझेल इंजिन असे. 6एलडब्ल्यू हे त्यातले नावाजलेले : 8.4 लिटर आणि जेमतेम 112 अश्वशक्ती. एवढ्या ताकदीवर वीसेक टनांची गाडी ए6 रस्त्यावरचा शॅपचा चढ चढत असे, म्हणजे माणसाच्या चालीने.

ट्रान्सपोर्टवाल्यांसाठीही तो काळ सोपा नव्हता. 1947 च्या कायद्याने लांब पल्ल्याची वाहतूक सरकारकडे गेली. खासगी मालकाला परवान्याशिवाय 25 मैलांपलीकडे जाता येईना, आणि ‘ब्रिटिश रोड सर्व्हिसेस’च्या गाड्या रस्त्यांवर दिसू लागल्या. 1953 च्या कायद्यानंतर त्यांतल्या कितीतरी पुन्हा खासगी हातांत आल्या.

1964 मध्ये दोन एक्सलांची मर्यादा 16 टनांवर गेली, मोठे ओझे 32 टनी आर्टिक्युलेटेड (ट्रॅक्टरला सांध्याने ट्रेलर जोडलेल्या) गाड्यांकडे वळले आणि सहाचाकी ट्विन-स्टीअरची गरज आटली. प्रवासी गाड्यांत मात्र ही रचना 1962 च्या बेडफर्ड व्हॅल कोचने गाजवली.

जतन केलेले ट्रक आज जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत दिसतात. दारावर मालकाचे नाव, खाली गाव, हाताने रंगवलेले. काहींच्या मागे ‘20’ आकड्याची गोल चकती अजून असते : 1957 पर्यंत जड ट्रकना ताशी 20 मैलांहून जास्त वेगाने जायला बंदी होती, आणि ती कोणी फारशी पाळत नसे.