कायक आणि दासोह (बेळगाव सीमाभाग)

बाराव्या शतकात बसवेश्वर आणि शरणांनी (त्यांच्या मार्गाने चालणाऱ्या शिवभक्तांनी) घालून दिलेली जीवनरीत. काया झिजवून, कुणाला न फसवता केलेले काम ते कायक. त्या कमाईतले गरजेपुरते ठेवून बाकीचे समाजाच्या पंगतीला लावणे हा दासोह. मराठीत दासोहाला सरसकट ‘अन्नदान’ म्हणतात, ते अपुरे आहे. दान देणारा वरच्या पायरीवर राहतो. दासोह करणारा ‘मी दास’ म्हणून वाढायला उभा राहतो.

सांडलेले तांदूळ वेचून जगणाऱ्या आयदक्की मारय्यांची कथा यातले मर्म सांगते. एके दिवशी त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घरी आणले. चोरीचे नव्हते, कुणाची हरकतही नव्हती. तरी पत्नी लक्कम्मांनी ते घरात घेतले नाहीत. एवढा हव्यास भक्ताला शोभत नाही, जिथून आणले तिथेच टाकून या, असे त्यांनी बजावले.

काम पवित्र म्हटल्यावर कामावरून माणूस हलका ठरवता येत नाही. म्हणूनच कल्याणात (आजचे कर्नाटकातील बसवकल्याण) चांभार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचे लग्न झाले, आणि त्यापायी दोन्ही बापांना देहदंड मिळाला. शरण पांगले; काही उत्तर कन्नडमधील उळवीच्या वाटेने या भागात आले. खानापूर तालुक्यातील कक्केरीला त्यांपैकीच डोहर ककय्यांची समाधी आहे. कातडी कमावणारा महाराष्ट्रातील ढोर समाज स्वतःला ककय्या समाज म्हणवतो, तो त्यांच्याच नावाने. बसवेश्वरांच्या पत्नी गंगांबिका यांची समाधी एम. के. हुबळीला मलप्रभेच्या पात्रात आहे.

बेळगावच्या नागनूर रुद्राक्षी मठाने गरीब विद्यार्थ्यांना मोफत जेवण आणि निवारा दिला. दासोहाचे हे रूप फार मोलाचे. गावोगावच्या जत्रांत घराघरांतून ज्वारीच्या कडक भाकरी गोळा होतात, मोठ्या कढईत गव्हाची हुग्गी (गोड खीर) शिजते, आणि पंगतीत शेजारी कोण बसले हे विचारायचे नसते.

पण पंगतीआधी कमाई तपासली पाहिजे, आणि याचाच सोयीस्कर विसर पडतो. निपाणी भागात बायका घरी विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांमागे ठरते. तपासणीत ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विडीची मजुरी बुडवायची, विडी मात्र ठेवून घ्यायची, आणि त्याच पैशातून जत्रेत हुग्गी वाटायची, याला दासोह म्हणता येणार नाही. लक्कम्मांनी परत पाठवलेले तांदूळ त्याहून कितीतरी स्वच्छ होते.