इस्पितळाची कार्यालयीन मेल घरून : कोणाला मिळते, अर्ज कसा करायचा, अडते कुठे

ड्युटीचे रोस्टर, खरेदीची फाईल, रेफरलचे पत्र, बदलीचा आदेश, सगळे आता मेलवर येते. ती मेल घरून उघडण्याची सोय बहुतेक इस्पितळांत आहे, पण मागितल्याशिवाय ती मिळत नाही. अर्ज परत येतो तो बहुधा एखाद्या सहीसाठी. आणि सोय मिळाल्यावर ती बंद पडते ती बहुधा फोन बदलल्यामुळे. या दोन जागा आधीच नीट केल्या तर बाकीचे काम सोपे आहे.

आधी आपली मेल कोणती ते पाहा. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असेल तर ती सरकारी सेवा. ती एनआयसी, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र पुरवते, आणि नियमही त्यांचेच. खासगी इस्पितळांची मेल बहुधा मायक्रोसॉफ्ट किंवा गूगलच्या सेवेवर असते. तिथे परवानगी देणारे म्हणजे तुमचे एचआर आणि आयटी विभाग.

नियमित कर्मचाऱ्याला पात्रतेची अडचण सहसा येत नाही. कंत्राटी असाल तरी अर्ज करता येतो, पण आयडीची मुदत कंत्राटाच्या शेवटच्या तारखेपर्यंतच धरली जाते. कंत्राट वाढले की मुदतवाढ आपणहून मागावी लागते. नव्या कंत्राटाची प्रत आयटीपर्यंत पोचली नाही, तर एका सकाळी मेल उघडतच नाही. इंटर्न, प्रशिक्षणार्थी आणि बाहेरच्या एजन्सीचे कर्मचारी यांना स्वतःचा आयडी मिळाला तरी घरून वापरण्याची परवानगी मिळेलच असे नाही. हा निर्णय विभागप्रमुखांचा.

सरकारी आयडी दोन प्रकारचे असतात : नावाचा आणि पदाचा. पदाचा आयडी खुर्चीचा असतो, माणसाचा नव्हे, आणि खरा घोळ तिथेच होतो. साहेबांची बदली होते, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून नव्या साहेबांना दिला जातो, पण पासवर्डनंतर लागणारा सहा आकडी कोड जुन्या साहेबांच्या मोबाइलवरच येत राहतो. मग काणकोणात रुजू झालेल्या माणसाला पणजीहून रोज फोन : ‘सर, कोड सांगा ना.’ हा प्रकार सोयीचा वाटतो, पण मेल कोणी वाचली, कोणी पाठवली हे पुढे कुणालाच सिद्ध करता येत नाही. म्हणून चार्ज देतानाच्या कागदांत पदाचा आयडी, त्याचा मोबाइल नंबर आणि ऑथेंटिकेटर (हा कोड तयार करणारे ॲप) बदलल्याची नोंद हवीच.

कागदपत्रे फार लागत नाहीत. कर्मचारी ओळखपत्र, नेमणुकीचा किंवा सध्याच्या पोस्टिंगचा आदेश, कंत्राटी असल्यास चालू कंत्राटाची प्रत, स्वतःच्या नावावरचा मोबाइल नंबर आणि गोपनीयतेचे हमीपत्र. स्वतःचा लॅपटॉप किंवा फोन वापरणार असाल तर त्याचा मेक, मॉडेल आणि सीरियल नंबरही विचारतात. फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, *#०६# डायल केला की दिसतो. मोबाइल नंबर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असेल तर आधी बदलून घ्या. सिम हरवल्यावर नवे सिम ज्याच्या नावावर नंबर आहे त्यालाच मिळते, आणि तो मस्कतला असला तर तुमची मेल तोवर बंद.

सरकारी आयडीचा अर्ज एनआयसीच्या ई-फॉर्म्स पोर्टलवर भरतात. त्यात रिपोर्टिंग ऑफिसरचे नाव, पद, मोबाइल आणि मेल विचारतात. ही माहिती चुकली की अर्ज भलत्याच माणसाकडे जाऊन पडून राहतो, म्हणून सध्या त्या खुर्चीवर कोण आहे ते आस्थापना शाखेत विचारूनच भरा. पुढे आधारवरून ई-साइन करा, किंवा छापून सही-शिक्का घेऊन स्कॅन अपलोड करा. शिक्का अस्पष्ट आला तर स्कॅन पुन्हा करा. शिक्का वाचता आला नाही तर अर्ज परत येतो. वरिष्ठांची मंजुरी, मग समन्वयकाची, मग एनआयसीची, असा क्रम असतो. खासगीत हाच प्रवास छोटा : फॉर्म, विभागप्रमुखांची सही, आयटीचे तिकीट.

एक गोष्ट अर्ज करतानाच ठरवा : तुम्हाला फक्त मेल हवी की आतल्या सिस्टीमही? मेल साधारणपणे ब्राउझरमधून उघडते, तिला व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी जोडणी) लागतेच असे नाही. लॅबचे रिपोर्ट, एक्स-रे, रुग्णनोंदणी हे इस्पितळाच्या आतल्या नेटवर्कवर असते. त्यासाठी इस्पितळाचेच व्हीपीएन आणि वेगळी मंजुरी लागते. दोन्ही एकाच अर्जात घुसवले तर मेलही लांबते.

दुसरे कुलूप, म्हणजे पासवर्डनंतरचा कोड, एसएमएसवर ठेवू नका. ऑथेंटिकेटर ॲप घ्या. सत्तरी-सांगेच्या आतल्या गावांत किंवा पावसाळ्यात टॉवर बसला की एसएमएस येत नाही. ॲपमधला कोड मात्र फोनमध्येच तयार होतो, त्याला रेंज लागत नाही. तो साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो आणि फोनच्या घड्याळावर चालतो. कोड बरोबर असूनही ‘चुकीचा’ दाखवत असेल तर आधी सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा. बहुतेक वेळा एवढ्यानेच सुटते. बॅकअप कोड मिळत असतील तर छापून कपाटात ठेवा. नवा फोन घेतला तर जुना रीसेट करण्याआधी ॲप हलवा. चवथीच्या सुट्टीत जुना फोन भाच्याला दिला आणि त्याने तो साफ केला, की आयटीला पुन्हा ओळखपत्र दाखवत बसावे लागते.

घरचा संगणक कुटुंबाचा असेल तर स्वतःचे वेगळे युजर अकाउंट करा, आणि तेही ॲडमिन नसलेले. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे अपडेट न मिळणाऱ्या मशीनवर आयटी नाही म्हणाली तर त्यांचे बरोबर आहे. राउटरचा कारखान्यातला पासवर्ड बदला. ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ याला नेहमी नाही म्हणा. पोर्टलचा पत्ता आयटीने दिलेलाच बुकमार्क करा, गूगलवर शोधून उघडू नका. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या बऱ्याच मेल झोहो या भारतीय कंपनीच्या प्रणालीवर गेल्या, पण पत्ते तेच राहिले. त्यामुळे जुन्या पद्धतीची चित्रे पाहून ‘पान वेगळे दिसते’ असा गोंधळ होतो, आणि फसव्या लिंका पाठवणाऱ्यांचे नेमके इथेच फावते.

मेलपेक्षा जोडलेली फाईल जपा. इन्कॉग्निटो विंडो बंद केल्यावर इतिहास जातो, पण उतरवलेला रिपोर्ट डाउनलोड्स फोल्डरमध्ये तसाच राहतो, हे कितीतरी जणांना ठाऊक नसते. शक्यतो प्रीव्ह्यूमध्ये वाचा. स्क्रीनचा फोटो काढलात तर तो फोनच्या क्लाउडवर जातो, तिथून व्हॉट्सॲप दूर नाही. विषयाच्या ओळीत रुग्णाचे नाव घालू नका. लॉक असलेल्या फोनवरही नोटिफिकेशन दिसते. केस नंबर पुरतो. मेडिको-लीगल, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंधित, कागद घरून पाठवायचेच नाहीत, इतका कडक नियम आम्हाला योग्य वाटतो. सरकारी मेल जीमेलवर आपोआप फॉरवर्ड करण्यास तर मनाईच आहे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सुरक्षेत हयगय झाल्यास संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. इस्पितळे हमीपत्रावर इतका जोर देतात, त्यामागे हेही एक कारण.

आयडी अचानक लॉक झाला तर पहिला संशय फुकटच्या व्हीपीएनवर घ्या. मॅच बघायला टाकलेले एखादे ॲप तुम्हाला नेदरलँड्समध्ये असल्याचे दाखवते. सकाळी फोंड्यातून आणि दहा मिनिटांत युरोपातून लॉगिन दिसले की सिस्टीम दार लावते. ते ॲप काढा, मग अनलॉक मागा.

तुम्ही लॉगिन करत नसताना फोनवर ‘मंजूर करा’ आले तर नाकारा, आणि इस्पितळाच्या आयटीला रात्री असले तरी कळवा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशानुसार इस्पितळासारख्या संस्थेला सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते. तुम्ही सोमवारची वाट पाहिली तर ती मुदत तिथेच संपते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्समध्ये रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) घुसले तेव्हा ओपीडीपासून लॅबपर्यंत कित्येक दिवस हाताने लिहून काम चालवावे लागले होते.

लंडनला किंवा लिस्बनला नातेवाइकांकडे जाणार असाल तर निघण्याआधी देशाचे नाव आणि तारखा देऊन वेगळी परवानगी मागा. परदेशातून लॉगिन अनेक ठिकाणी मुळातच बंद असते. परवानगी नाही मिळाली तर ‘रजेवर आहे’ असे स्वयंचलित उत्तर लावा, त्यात कामापुरता सहकाऱ्याचा कार्यालयीन पत्ता द्या, आणि रजेचा कालावधी संपताच ते काढा.