हळद, सोयाबीन आणि गाठीचा रक्तपुरवठा

माझ्या आत्याची केमोथेरपी नागपुरात चालू होती. ओपीडीबाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या काकूंनी एकदा पिशवीतून कागदाची पुडी काढली. वायगावची हळद होती, 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपल्या वर्धा जिल्ह्यातली. ‘‘रोज चमचाभर द्या जी. यानं गाठीचं रक्त तुटते म्हणतात.’’ काकूंनी ऐकलेलं अगदीच हवेतलं नव्हतं. त्यामागे साठेक वर्षांचं संशोधन आहे.

1960 च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या बेथेस्डा इथल्या प्रयोगशाळेत जुडा फोकमन आणि फ्रेडरिक बेकर हे दोन तरुण डॉक्टर रक्ताला पर्याय शोधत होते. शरीराबाहेर काढलेली थायरॉइड ग्रंथी हिमोग्लोबिनच्या द्रावणावर जिवंत ठेवायची आणि तिच्यात उंदराच्या कर्करोगाच्या पेशी सोडायच्या, असा प्रयोग होता. गाठी धरल्या, पण मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या, मोहरीएवढ्या होऊन थांबल्या. त्याच गाठी उंदराच्या अंगात परत घातल्यावर मात्र भराभर वाढल्या. तिथे त्यांच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरत होत्या, काचेच्या पात्रात त्या नव्हत्या.

गाठ शेजारच्या रक्तवाहिनीतून स्वतःसाठी पाट काढून घेते आणि तो पाट बुजवला तर तिची वाढ अडेल, असं फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं. सुरुवातीला फार थोड्यांना ते पटलं. पाट काढायला लावणारं मुख्य प्रथिन, व्हीईजीएफ, 1989 मध्ये वेगळं काढलं गेलं. ते अडवणारं बेव्हासिझुमॅब हे औषध 2004 मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. केमोथेरपीच्या जोडीला ते दिल्यावर रुग्णांचं उपचारानंतरचं मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगतात तो काळ, 15.6 वरून 20.3 महिन्यांवर गेलं. एक पाट बुजला की गाठ दुसरा शोधते, म्हणून फायदा महिन्यांत मोजावा लागला. तरी त्या पाच महिन्यांची किंमत बाकावर बसणाऱ्याला विचारावी.

वनस्पतींचा प्रवेश या दोन टप्प्यांच्या मधला. 1993 मध्ये शाकाहारी वळणाचं जेवण घेणाऱ्या निरोगी माणसांच्या लघवीतून संशोधकांनी जेनिस्टीन वेगळं काढलं. सोयाबीनमधलं हे द्रव्य काचपात्रात नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखत होतं. विदर्भात सोयाबीन शिवारभर दिसतं, पण आपल्या कढईत येतं ते त्याचं तेल. जेनिस्टीन तेलात जवळपास उतरत नाही, ढेपेतच राहतं.

हळदीची पाळी 1998 मध्ये आली. डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात मुळात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे एखादी नवी फुटली तरी लगेच दिसते. उंदरांच्या त्या पडद्यावर हळदीतल्या करक्युमिन या द्रव्यानं नव्या वाहिन्यांची वाढ रोखली. पुढच्याच वर्षी हिरवा चहा प्यायलेल्या उंदरांतही तसंच दिसलं. बातम्या झाल्या, आणि फिरत फिरत त्या बाकापर्यंत पोचल्या.

त्याच 1998 मध्ये बंगळुरूला झालेला एक अभ्यास मात्र सहसा कुणी सांगत नाही. निरोगी माणसांना 2 ग्रॅम करक्युमिन तोंडावाटे दिलं, तर ते रक्तात जवळपास सापडलंच नाही. आतडं आणि यकृत त्याची लगेच विल्हेवाट लावतात. साध्या हळदीत करक्युमिन साधारण 3 टक्के असतं, म्हणजे 2 ग्रॅमसाठी सत्तर ग्रॅमच्या आसपास हळद खावी लागेल. मिऱ्यातलं पिपरीन सोबत दिलं तेव्हा रक्तातलं प्रमाण काही काळ वीसपट वाढलं. पण पिपरीन हे करतं ते औषधं मोडणाऱ्या यंत्रणेलाच अडवून. केमोथेरपी चालू असताना त्याच्या गोळ्या डॉक्टरांना न सांगता घेणं म्हणूनच मला धोक्याचं वाटतं. भाजीतल्या चिमूटभर हळदीबद्दल मी बोलत नाही.

वनस्पतीतून निघून खरोखर सलाइनपर्यंत पोचलेलं उदाहरण आपल्या अंगणातच आहे: सदाफुली. मधुमेहावरचा पाला म्हणून 1950 च्या दशकात कॅनडात तिची तपासणी चालली होती. साखर उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या, आणि त्यातून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध हाती आलं. ते पेशींचं विभाजन थांबवतं. 2000 मध्ये उंदरांवर असंही दिसलं, की अगदी कमी मात्रेत पण वारंवार दिल्यास ते गाठीच्या रक्तवाहिन्यांवरही घाव घालतं.

सदाफुलीतूनच व्हिन्क्रिस्टिनही निघालं. मोठ्या माणसाला ते एका वेळी सहसा 2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत, आणि फक्त शिरेतून देतात. त्याचा 1 ग्रॅम काढायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात.